साडेनऊ फुटी छताखाली उंच वेज शॉट: घरच्या सिम्युलेटरवर नक्की काय सरावायचं?

प्रश्न थोडक्यात असा. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमधली एक खोली गोल्फ सिम्युलेटरला (खरा बॉल पडद्यावर मारून आभासी मैदानावर खेळायची सोय) दिलेली आहे. लांबी १५ फूट, रुंदी ११, छत साडेनऊ. बॉलच्या बाजूला ठेवायचा कॅमेऱ्याचा लॉन्च मॉनिटर (बॉल सुटतानाचा वेग, कोन आणि स्पिन मोजणारं यंत्र), बॉलपासून १० फुटांवर पडदा, हातात ६० अंशांची वेज (बॉल उंच उचलणारा, तिरक्या तोंडाचा आखूड क्लब). चाळीस-पन्नास यार्डांचा उंच शॉट मारायला गेलं की बॉल कधी पडद्याच्या वरच्या पाइपला लागतो, कधी थेट छताला. जे शॉट पडद्यावर बसतात ते सिम्युलेटरच्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) पडून दोन पावलांत थांबतात. पण रविवारी खारघरच्या गोल्फ मैदानावर तोच शॉट मारला की एक तर वेज बॉलच्या मागेच जमिनीत रुतते, नाही तर बॉल ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. मग घरचा सराव चुकीचा चाललाय, की यंत्र खोटं बोलतंय?

थोडं यंत्राचं, थोडं मॅटचं आणि बरंचसं हातांचं आहे. मी नवी मुंबईत गोल्फ शिकवतो आणि लोकांच्या घरी जाऊन सिम्युलेटरची मांडणी नीट करून देणं हेही माझं काम आहे. ठाण्यापासून पनवेलपर्यंत फ्लॅटमधल्या खोल्यांत हीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: घरात उंची सरावता येत नाही. बॉल क्लबफेसवरून, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या सपाट तोंडावरून, सुटतो तो क्षण आणि त्याच्या आधीचे-नंतरचे दोन-चार इंच तेवढे सरावता येतात, आणि उंची तिथेच ठरते. पडद्यावरच्या उंच कमानीकडे बघत बसलात तर हात नको ते शिकतात.

आधी खोली. बॉल पडद्याला किती उंचीवर लागेल हा दहावीच्या त्रिकोणमितीचा हिशोब आहे. बॉल ज्या कोनात निघतो त्या कोनाचा टॅन गुणिले पडद्यापर्यंतचं अंतर. दहा फुटांवर ३० अंशांनी निघालेला बॉल पावणेसहा फुटांवर लागतो, ३५ अंशांचा सात फुटांवर, ४० अंशांचा जवळजवळ साडेआठ फुटांवर आणि ४५ अंशांचा दहा फुटांवर, म्हणजे तुमच्या छताच्याही वर. हळू शॉटला गुरुत्वाकर्षण त्यातले चार-सहा इंच खातं, पण ते हिशोबात धरू नका, तेवढी ढील असलेली बरी. एकूण काय, तुमचा उंच शॉट छताला लागतो यात हाताचा काही दोष नाही. त्या मांडणीत तो लागणारच.

उपाय सोपा आहे: उंच शॉटसाठी बॉल पुढे घ्या. साडेसात फुटांवर ३५ अंशांचा बॉल सव्वापाच फुटांवर लागतो, ४० चा सव्वासहावर, ४५ चा साडेसातवर. पन्नास अंशांचा मात्र तिथूनही नऊ फुटांना टेकतो, त्याचा नाद घरात सोडा. मॅटच्या कडेला मार्करने दोन खुणा करा. मागची खूण पूर्ण स्विंगसाठी, पुढची फक्त ६० यार्डांच्या आतल्या शॉटसाठी. पुढच्या खुणेवरून पूर्ण स्विंग कधीही मारायचा नाही, कारण पडद्यावरून परत येणारा बॉल तिथे तुम्हाला सावरायला वेळच देत नाही. पडदाही ताणून बसवलेला नको. किंचित सैल आणि मागच्या भिंतीपासून फूटभर सुटा असला की बॉल त्यात मरतो आणि खाली पडतो. ढोलासारखा ताणलेला पडदा चित्र सुंदर दाखवतो आणि बॉल गुडघ्यावर आणून सोडतो.

तुमचं यंत्र बॉलच्या बाजूला ठेवायचं आहे म्हणून ही सोय आहे. त्याला बॉलचा पहिला फूट-दीड फूट प्रवास दिसला की पुरतो. मागे ठेवायचं रडारचं यंत्र असतं तर गोष्ट वेगळी होती. त्याला बॉलच्या मागे साधारण आठ फूट आणि पुढेही जवळपास तेवढाच बॉलचा प्रवास लागतो. तो कमी केला की आकडे मोजलेले राहत नाहीत, अंदाजाचे होतात. छताला बसवलेल्या कॅमेऱ्याचा प्रश्न आणखी निराळा: त्याची बॉल ठेवायची चौकट ठरलेली असते, त्यामुळे बॉल पुढे घेता येत नाही, पडदाच मागेपुढे करावा लागतो. कुणी अजून यंत्र घ्यायच्या बेतात असेल आणि मुख्यतः वेजच मारणार असेल, तर दहा-अकरा फुटी बेडरूममध्ये बाजूचा कॅमेरा घ्यावा असं मी बिनदिक्कत सांगतो.

पडद्याच्या वरच्या पाइपला एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम दुहेरी गुंडाळा. पाइपला लागलेला बॉल सगळ्यात वाईट, तो कुठे जाईल याचा नेम नसतो. पाइपपासून तुमच्या दिशेने तीन-चार फूट, छताला समांतर, जरा झोळ देऊन जाळी लावा. इथे लोक दोन प्रकारांत फसतात. एक, क्रिकेटच्या नेटची उरलेली जाळी. गोल्फ बॉलचा व्यास नियमाप्रमाणे किमान ४२.६७ मिलिमीटर, आणि क्रिकेटच्या बऱ्याच जाळ्यांची भोकं त्याहून मोठी. दुसरी, बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती. तिचा दोरा बारीक, चार फटके झेलते आणि पाचव्याला फाटते. गोल्फसाठीची, इंचाच्या आत भोकं असलेली जाळी आणा.

आणि पंखा काढा. हे सांगावं लागतं याचं मला दर वेळी नवल वाटतं, पण छताचा पंखा तसाच ठेवून वेज फिरवणारी माणसं आहेत. वेज साधारण ३५ इंचांची, ड्रायव्हर ४५ इंचांचा. त्यामुळे साडेनऊ फुटांत वेजचा स्विंग बहुतेकांचा बसतो, ड्रायव्हरचा उंच माणसाचा बसत नाही. पंख्याच्या पात्यांचा हिशोब मात्र कुठल्याच क्लबला मानवत नाही. त्याहून गंभीर गोष्ट नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी: छतातून डोकावणारा फायर स्प्रिंकलर. त्यातली काचेची बारीक नळी उष्णतेने फुटली की पाणी सुरू होतं, आणि बॉल लागला तरी ती तशीच फुटते. मग खालचा व्हॉल्व्ह कुणी बंद करेपर्यंत काळं पाणी तुमच्या प्रोजेक्टरवर, सोफ्यावर आणि खालच्या घरात. तो झाकायचाही नाही आणि काढायचाही नाही, तो तुमच्या जिवासाठी आहे. सोसायटीच्या फायरवाल्याकडून त्याला तारेचा पिंजरा बसवून घ्या आणि बॉलची जागा अशी ठरवा की स्प्रिंकलर तुमच्या मागे राहील.

आता यंत्राच्या खरेपणाकडे. मी कुणाच्याही घरी गेलो की आकड्यांकडे बघायच्या आधी यंत्र कशावर ठेवलंय ते बघतो. मॅट दीड इंच जाड आणि यंत्र फरशीवर, हे चित्र सर्रास दिसतं. बॉल ज्या पातळीवर त्याच पातळीवर यंत्र हवं, आणि ते सपाट हवं. यंत्र एक अंश कललं की लॉन्च अँगलही (बॉल निघायचा कोन) तेवढाच चुकतो. मॅटच्याच जाडीचा प्लायचा तुकडा यंत्राखाली ठेवा, वर सुताराची छोटी लेव्हल बाटली ठेवून बघा. बॉल पुढच्या खुणेवर नेला की यंत्रही पुढे न्यायचं आणि दिशेची जुळवणी पुन्हा करायची. हा कंटाळा केला तर सगळे शॉट डावीकडे चाललेत असं वाटून तुम्ही नसलेली चूक दुरुस्त करायला लागाल.

खात्री करायची माझी पद्धत अगदी गावठी आहे. पडद्याच्या बाजूच्या उभ्या पाइपवर इलेक्ट्रिशियनच्या रंगीत टेपने खुणा करा. पुढच्या खुणेवरून खेळताना सव्वापाच फुटांवर पिवळी, सव्वासहा फुटांवर हिरवी, साडेसातवर लाल. म्हणजे ३५, ४० आणि ४५ अंश. फोन स्टँडवर बाजूला ठेवून स्लो मोशनमध्ये काही शॉट घ्या आणि बॉल कुठल्या टेपच्या उंचीला लागला ते पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. दोन-तीन अंशांचा फरक सोडून द्या. यंत्र ३८ म्हणतंय आणि बॉल लाल टेपच्या वर लागतोय, असं सारखं व्हायला लागलं तर मांडणीत गडबड आहे. फार उंच निघणारे हळू शॉट बाजूच्या कॅमेऱ्याच्या चौकटीतून लवकर वर निसटतात आणि वाचनं चुकू शकतात. अशा वेळी टेपवर विश्वास ठेवा.

हे झालं की मूळ मुद्दा: बॉल उंच जातो कशाने? पूर्ण वेज (पूर्ण स्विंगचा शॉट) आणि अर्धी वेज (अर्ध्या स्विंगचा, जवळचा शॉट) यांत इथे मोठा फरक आहे आणि घरी सराव करणारे तो हमखास गाळतात. ट्रॅकमॅन या लॉन्च मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीने काही वर्षांपूर्वी पीजीए टूरच्या (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धामालिका) खेळाडूंच्या सरासऱ्या प्रसिद्ध केल्या. त्यात पिचिंग वेजचा लॉन्च अँगल सुमारे २४ अंश आहे, स्पिन मिनिटाला ९,३०० फेऱ्यांच्या आसपास, कॅरी (बॉल जमिनीला टेकेपर्यंतचं अंतर) १३६ यार्ड, आणि बॉल उतरतो ५२ अंशांनी. म्हणजे निघताना चोवीस आणि पडताना बावन्न. पूर्ण शॉटला वेग आणि स्पिन इतके असतात की हवाच बॉलला वर उचलते. तुमच्या ४५ यार्डांच्या शॉटला ना तो वेग, ना हवेची ती मदत. तिथे बॉल ज्या कोनात निघाला जवळपास त्याच कोनात उतरतो, थोडा जास्त एवढंच. म्हणून पूर्ण वेजला लॉन्च कमी ठेवायचा आणि अर्ध्या वेजला तो जाणूनबुजून वाढवायचा. दोन्ही शॉट ‘उंच’ दिसतात, पण ते वेगळ्या मार्गाने उंच होतात.

अर्ध्या वेजची उंची कागदावर काढता येते. हवेचा विचार सोडला तर सर्वोच्च उंची म्हणजे कॅरी गुणिले कोनाचा टॅन भागिले चार. पन्नास यार्ड म्हणजे १५० फूट. ३५ अंशांनी निघालेला बॉल २६ फूट वर जातो, ४५ अंशांनी निघालेला ३७-३८ फूट. एक अडीच मजले, दुसरा पावणेचार. हे अकरा-बारा फूट मिळवायला तुम्ही जी जोखीम घेता ती बघा: दहा अंश जास्त लॉन्च म्हणजे फेस जास्त मोकळा (आकाशाकडे उघडा), स्विंग जास्त मोठा, चुकीला जागा कमी. समोर बंकर (वाळूचा खड्डा) आहे, पलीकडे पिन (भोकातला झेंडा) लगेच आहे, पडायला जेमतेम चार पावलं जागा आहे, तर ४५ चा शॉट हवा. एरवी ३५ ते ४० च्या मधला बॉल, नीट लागलेला, पुरेसा थांबतो. अमेरिकन खेळाडू फिल मिकलसनचे फ्लॉप शॉट (फेस उघडून मारलेले अतिउंच, आखूड शॉट) बघून सगळ्यांनाच खुमखुमी येते, पण आठवड्याला एकदा खेळणाऱ्याने घरातला बहुतेक सराव या मधल्या पट्ट्यातच करावा असं मला वाटतं. तुमच्या पिवळ्या आणि हिरव्या टेपच्या मधली ती खिडकी.

त्या खिडकीत जायचं कसं? समजा ६० अंशांची वेज आहे. हात बॉलच्या बरेच पुढे नेऊन शाफ्ट (क्लबचा दांडा) दहा अंश पुढे कलवला की लागताना लॉफ्ट (फेसचा तिरकेपणा) पन्नासच उरतो, आणि क्लब पाच अंश खाली येत असेल तर बॉल साधारण ३३-३४ अंशांनी निघतो. तोच शाफ्ट लागताना उभा राहिला तर लॉन्च चाळिशीला जातो. म्हणजे क्लब तोच, स्विंगचा वेग तोच, फक्त हात बॉलच्या वर राहिले की सहा-सात अंश फुकट मिळतात. म्हणून आधी हे करा: बॉल नेहमीपेक्षा एका बॉलभर पुढे, वजन दोन्ही पायांवर किंचित डाव्या बाजूला झुकतं, हात मध्यावर, छातीचं बटण बॉलच्या वर. मग छाती फिरत राहू द्या. फेस मोकळा करणं दुसरी पायरी. तेव्हा ग्रिप धरायच्या आधी फेस उघडायचा, धरून मनगट वळवायचं नाही, आणि पाय जरा रुंद, गुडघे जरा खाली. हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी. डावखुऱ्यांनी बाजू उलटून घ्यावी.

बॉल वर न्यायची घाई झाली की शरीर एक तिसराच मार्ग शोधतं. डावा खांदा वर, वजन मागच्या पायावर, आणि शेवटच्या क्षणी मनगटाने बॉल उकरून काढणं. यातही लॉन्च वाढतो! यंत्र ४२ दाखवतं, तुम्ही खूश. आणि तुमच्या खारघरच्या रविवारचं मूळ इथेच आहे. मागे झुकून मारलं की क्लबचा सर्वात खालचा बिंदू बॉलच्या मागे येतो. मॅटवर वेजचा तळ बॉलच्या दोन इंच मागे टेकतो, घसरत पुढे येतो आणि बॉलला बऱ्यापैकी लागतो. आवाजही गोड येतो. गवतावर तळ टेकला की रुततो. तो रुतू नये म्हणून पुढच्या शॉटला हात आपोआप वर ओढले जातात आणि पाती (क्लबची खालची पुढची कडा) बॉलच्या पोटात बसते. तो तुमचा ग्रीन ओलांडून जाणारा बॉल. दोन वेगळ्या चुका वाटतात, आहे एकच. सिम्युलेटरवरची लाय (बॉल जमिनीवर बसलेला असतो ती स्थिती) मी बॉल मांडून दिल्यासारखी समजतो, तिथे चूक लपते.

ती उघडी पाडायला घरातलं सामान पुरतं. पंच्याची चौपदरी घडी करून बॉलच्या मागे चार इंचांवर ठेवा. पंचा हलला, शॉट बाद, पडद्यावर काहीही दिसो. सुरुवातीला सहा इंचांवर ठेवा, नाही तर वैताग येईल. दुसरी तपासणी कॅरमच्या पावडरीची. फेसवर बोटाने पातळ थर पुसा, बॉल मारा, आणि ठसा बघा. खालून दुसऱ्या-पाचव्या खाचेच्या मध्ये ठसा हवा. फेसच्या वरच्या अर्ध्यात ठसा आला तर बॉल खूप वर बसतोय किंवा क्लब त्याच्या खालून जातोय. रांगोळी वापरू नका, ती दगडाची भुकटी असते आणि खाचांच्या कडा घासते. आणि पावडर लावलेली असताना स्पिनच्या आकड्याकडे ढुंकूनही बघू नका, कारण फेस आणि बॉलमधली पकडच पावडरीने कमी केलेली असते. झालं की फेस पुसा, मॅटवर सांडलेली पावडर झटका, नाही तर पाय घसरेल.

ठसा बघायची सवय लागली की आकडे वाचता येतात. लॉन्च अचानक वाढला आणि बॉलचा वेग पडला, तर बॉल फेसवर वर लागला. लॉन्च पंचविशीला आला आणि वेग चढला, तर पाती लागली. गंमत अशी की या दोन्ही शॉटची कॅरी कधी कधी जवळपास सारखी निघते, आणि फक्त कॅरी बघणारा म्हणतो, दोन्ही ४८ यार्ड, झकास. म्हणून पडद्यावर चारच आकडे ठेवायचे: लॉन्च अँगल, बॉलचा वेग, स्पिन, कॅरी. घरंगळून एकूण किती गेला तो आकडा बंद करा. ग्रीन किती कडक हे सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. मऊ ग्रीनच्या सेटिंगवर कुणाचाही बॉल थांबतो. त्याच सेटिंगमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची शून्याजवळ आणि तापमान तिशीच्या पुढे आहे का तेही बघा.

स्पिनबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे पैसे वाया जातात. स्वस्त, कडक कवचाचे बॉल आणि युरेथेनच्या मऊ कवचाचे बॉल यांत ड्रायव्हरला फार फरक जाणवत नाही, पण अर्ध्या वेजला जमीन-अस्मानाचा पडतो. कडक बॉल फेसवरून निसटतो: जास्त वर निघतो, कमी फिरतो, पडल्यावर पळतो. घरी सराव-रेंजचे जुने बॉल आणि मैदानावर नवे युरेथेनचे, असं करत असाल तर तुम्ही दोन वेगळे खेळ खेळताय. पाच-सहा चांगले बॉल फक्त वेजसाठी घरी ठेवा, पडद्याची छपाई त्यांना लागली की पुसा. यंत्राला बॉलवरची खूण विशिष्ट दिशेला हवी असेल तर प्रत्येक वेळी तशीच ठेवा, नाही तर स्पिन मोजला न जाता गृहीत धरला जातो.

त्यात आपली हवा. जूनपासून खोलीत एसी नसेल तर ग्रिप, बॉल, फेस सगळं दमट. ओलसर फेसवरून बॉल घसरतो, परिणामी लॉन्च वाढतो आणि स्पिन घटतो. पडद्यावर उंच शॉट दिसतो आणि तुम्ही शाबासकी घेता. हे मुद्दाम करून बघण्यासारखं आहे. कोरड्या फेसने पाच शॉट मारा, मग यंत्रापासून लांब जाऊन फेस आणि बॉल ओल्या फडक्याने पुसून तसेच पाच. दोन्हीचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. पावसाळ्यात किंवा सकाळच्या दवात खारघरला बॉल ग्रीनवर का थांबत नाही याचा निम्मा उलगडा त्या पानावर होतो. बाकी निम्मा म्हणजे बॉल आणि फेसमध्ये अडकणारं गवत, आणि ते घरी आणता येत नाही.

सराव किती? एका वेळी चाळीस-पन्नास बॉल, त्याहून जास्त नाही. मॅटखाली काँक्रीट आहे हे कोपराला कळतं. वेज खाली येते, तळ आपटतो, धक्का मनगटातून कोपराच्या आतल्या बाजूला जातो. तिथे दुखायला लागलं तर मॅट बदला किंवा बॉल ठेवायच्या पट्ट्याखाली जाड मऊ थर द्या. मलम चोळून मारत राहू नका. पहिले दहा शॉट पंचा ठेवून, यंत्राचा पडदा बंद करून. पुढचे पंधरा खिडकीचे: पिवळ्या-हिरव्याच्या मध्ये बॉल बसवायचा, अंतर कितीही येवो. उरलेले अंतराचे, पण ओळीने एकाच अंतराचे नाहीत. चाळीस, मग साठ, मग तीस, मग पन्नास, आणि प्रत्येकाला एकच बॉल. बॉल मारल्यावर पडद्याकडे बघायच्या आधी आकडा तोंडाने बोला, “बेचाळीस गेला असेल.” मग बघा. तुमचा अंदाज आणि यंत्राचा आकडा जवळ येत गेले की मैदानावर यंत्राशिवाय खेळता येतं. घरचे हसतील, हसू द्या.

वेज विकत घेताना मॅटवरून निवड करू नका. कडक मॅटवर कमी बाउन्सची (बाउन्स म्हणजे क्लबला जमिनीत रुतू न देणारा तळाचा फुगवटा) वेज सोपी वाटते, कारण जास्त बाउन्सची, त्यातून फेस उघडलेली, मॅटवर उडते आणि पाती वर येते. पण पावसाळ्यात ओल्या, मऊ जमिनीत हाच बाउन्स तुम्हाला रुतण्यापासून वाचवतो. मे महिन्यात जमीन टणक झाली की गणित पुन्हा मॅटच्या जवळ जातं. तुम्ही वर्षातले कुठले महिने जास्त खेळता त्यावर निवड करा.

खारघरला जाल तेव्हा टी-ऑफच्या (खेळ सुरू व्हायच्या) अर्धा तास आधी पोहोचा, ऐरोलीला वाहतूक अडणार हे धरूनच निघा. सिडकोचं मैदान खोऱ्यात आहे, सपाट जागा सारखी मिळत नाही. पाय बॉलच्या वर, पाय खाली, चढावर बॉल, या लाय तुमच्या खोलीत कधीच येणार नाहीत. चढावरून तोच स्विंग बॉल आणखी वर नेतो आणि आखूड पाडतो, उतारावरून खाली ठेवतो आणि पळवतो. सरावाच्या जागेत परवानगी असेल तिथे गवतावरून दहा-बारा वेज मारा आणि गवताचा काप कुठे सुरू होतो ते बघा. बॉलच्या जागेपासून किंवा त्याच्या पुढे सुरू झाला तर घरचा पंचा कामी आला. मागे सुरू झाला तर त्या दिवशी उंच शॉट मारू नका. पिचिंग वेजने सरळ घरंगळवत ग्रीनवर न्या आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा पंचा मांडा.

राहता राहिला खालचा मजला. बॉल पडद्याला लागल्याचा आवाज शेजारच्या भिंतीपर्यंत जातो, पण वेजचा तळ मॅटवर आपटल्याचा धपका थेट स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो, आणि तक्रार त्याचीच येते. मॅटखाली व्यायामशाळेत घालतात ते जाड रबराचे चौकोन दोन थर द्या, त्यावर प्लाय, त्यावर मॅट. मॅट उंच झाला की यंत्राखालचा तुकडाही वाढवायचा आणि छतापर्यंतची जागा पुन्हा मोजायची, दोन इंच गेलेले असतात. दुपारी दोन ते चार क्लब उचलू नका. आणि पहिल्या दिवशी खालच्या काकूंना वर बोलवून दोन बॉल मारून दाखवा; आवाज कशाचा हे कळलं की फोन सोसायटीच्या सेक्रेटरीला न जाता आधी तुम्हाला येतो.